शिलाहारांच्या ठाण्याचा ‘अस्सल’ नकाशा

वाचकांचे प्रश्न, उत्तरं एका निवृत्त आरेखक बाईंची

प्रश्न : ताई, आम्ही ऐरोलीत राहतो. आमच्या सोसायटीच्या वाचनालयात यंदा भिंतभर फलक लावायचा आहे. विषय, ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवरचा शिलाहार काळ. मजकूर तयार आहे, घोडं अडलंय नकाशापाशी. व्हॉट्सअ‍ॅपवर एक देखणा नकाशा फिरतोय, त्याचा फोटो सोबत जोडला आहे. जुनाट पिवळा कागद, कोपऱ्यात होकायंत्राचं फूल, आणि सबंध उत्तर कोकण एका रंगात, ‘शिलाहार साम्राज्य’. समितीतले काही जण म्हणतात हाच छापू. माझं म्हणणं, त्या काळचा अस्सल नकाशा शोधावा, मग तो कितीही ओबडधोबड असो. एका ग्रंथालयात विचारलं तर ‘असलं काही नसतं’ म्हणून वाटेला लावलं. कुठे मिळेल?
— एक निवृत्त शिक्षक, ऐरोली

उत्तर : सर, तो माणूस तुटक बोलला असेल, पण खोटं बोलला नाही. नवव्या ते तेराव्या शतकात, म्हणजे शिलाहार राजघराण्याच्या काळात, उत्तर कोकणात बसून कुणी काढलेला नकाशा आजवर हाती लागलेला नाही. ताम्रपट आहेत, शिलालेख आहेत, देवळं आहेत, गद्धेगाळ (दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी कोरलेले दगड) आहेत, वीरगळ (वीरांचे स्मारक-दगड) आहेत. नकाशा नाही. म्हणजे पुस्तकात, संग्रहालयात किंवा फोनवर शिलाहारांच्या राज्याचा जो नकाशा दिसतो, तो फार तर गेल्या दीडशे-दोनशे वर्षांत कुणीतरी टेबलाशी बसून केलेला असतो. त्यात वावगं काही नाही. टेबलाशी बसून नकाशे करण्यातच माझा जन्म गेला. फक्त तो कुणी केला, कधी केला आणि कशावरून केला, हे त्या नकाशावर वाचता आलं पाहिजे.

तुमचा व्हॉट्सअ‍ॅपवाला इथेच नापास होतो. फोटो मोठा करून बघा. वाशीचा किनारा आजचा आहे, भरावासकट. खाली न्हावा-शेव्याला जेएनपीटीचा धक्का समुद्रात सरळ रेषेत घुसलेला दिसतो. ते बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. शहापूरच्या बाजूला निळा डाग आहे तो तानसा तलाव, १८९२ चा. होकायंत्राचं फूल भूमध्य समुद्रावरच्या दर्यावर्दी नकाशांतून आलेलं. त्याचा सर्वांत जुना नमुना १३७५ च्या नकाशावर दाखवतात, म्हणजे शिलाहारांचं राज्य बुडाल्यावर शंभर वर्षांनी. कुणीतरी आजचा तयार नकाशा घेतला, त्याला चहाच्या पाण्यासारखा रंग दिला आणि वर राजवंशाचं नाव लिहिलं. हा लावू नका.

मग लावायचा काय? थोडं लांबून सांगते, कारण तुमच्या फलकाचा जीव यातच आहे.

त्या काळात या भागाची टिपणं बाहेरच्या लोकांनी केली, आणि ती बहुतेक शब्दांत आहेत. अल् बिरुनीने १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला. त्यात पश्चिम किनाऱ्यावरच्या गावांची अंतरं ओळीने दिली आहेत, त्यातलं एक: सुबाऱ्यापासून ताना ५ फर्सख. सुबारा म्हणजे आपलं सोपारा, ताना म्हणजे ठाणे. फर्सख साधारण साडेपाच-सहा किलोमीटरचा धरतात. आता फोनवर नालासोपारा ते ठाणे सरळ रेषेत मोजा, तीसेक किलोमीटर भरतं. हजार वर्षांपूर्वीचा आकडा इतका चोख उतरला की मला रंगीत नकाशापेक्षा त्यातच जास्त आनंद होतो. फलकावर ही दोन गावं आणि मधला आकडा, एवढंच जरी छापलंत तरी ते अस्सल. साखाऊ या जर्मन पंडिताने केलेलं त्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर जुनं आहे, स्कॅन होऊन सगळीकडे मोफत आहे.

चित्ररूपात हवं असेल तर अल् इद्रिसी हा अरब भूगोलकार. सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्यासाठी त्याने ११५४ मध्ये जगाचा नकाशा पुरा केला, सत्तर तुकड्यांत. आपल्याकडे तेव्हा शिलाहारच होते, म्हणजे काळ तंतोतंत जुळतो. मूळ उरलेलं नाही, नंतरच्या हस्तलिखित प्रती पॅरिस आणि ऑक्सफर्डला आहेत. पॅरिसची प्रत तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गॅलिका’ संकेतस्थळावर बघता येते. कोनराड मिलर नावाच्या जर्मन अभ्यासकाने १९२८ च्या सुमारास सगळे तुकडे जोडून रोमन लिपीत एक मोठा नकाशा केला. तो वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर आहे, भिंतीवर छापता येईल इतका स्पष्ट. दोन गोष्टी सांभाळा. इद्रिसीच्या नकाशात दक्षिण वर असते, तेव्हा उलटा छापलाय म्हणून कुणी ओरडेल, त्याची तळटीप आधीच द्या. दुसरं म्हणजे इद्रिसी इकडे कधी आला नाही. व्यापाऱ्यांकडून ऐकून आणि जुनी पुस्तकं वाचून त्याने किनारा काढला. त्यात ठाण्याची खाडी शोधत बसू नका. ‘त्या काळी सिसिलीत बसून हिंदुस्थान कसा दिसायचा’ अशा मथळ्याखाली तो शोभेल, ‘शिलाहारांचे राज्य’ या मथळ्याखाली नाही.

वर १३७५ चा म्हटला तो कॅटलन अ‍ॅटलास, तोही गॅलिकावर आहे. खंबायतचं बंदर त्यात सापडतं. पण आपल्या कामाला उशिराचा, म्हणून पुढे जाते.

पोर्तुगीज आल्यावर मात्र इथल्या खाड्या पहिल्यांदा जवळून कागदावर उतरल्या. दों जुआंव द कास्त्रो हा पुढे व्हाइसरॉय झाला, पण त्याआधी १५३८-३९ मध्ये गोव्याहून दीवपर्यंत किनाऱ्याने जाताना त्याने मार्गवही लिहिली आणि बंदरांची चित्रं काढून घेतली. त्यानंतर १६३५ चा आंतोनियो बोकारोचा ग्रंथ, पेद्रु बार्रेतु द रेझेंदेने केलेल्या किल्ल्यांच्या आराखड्यांसह. वसई, चौल, मुंबई सगळं त्यात आहे. प्रत पोर्तुगालमध्ये एव्होराच्या सार्वजनिक ग्रंथालयात. हे नकाशे शिलाहारांचे नव्हेत, तीन-चारशे वर्षांनंतरचे आहेत. मग मी का सांगते? कारण भराव, धरणं आणि रेल्वे येण्याआधीची खाडी त्यात दिसते. शिलाहार ज्या पाण्यातून गलबतं आणत होते त्याच्या ती आपल्यापेक्षा पुष्कळ जवळची. शोधताना ठाणे एकाच स्पेलिंगने शोधू नका. पोर्तुगीज वेगळं लिहितात, अरबी प्रतीत नुक्ता हलला की ‘ताना’चं ‘बाना’ होतं, ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत दोन ‘एन’ घालून ‘तन्ना’ असतं. वसई, साष्टी, उरणकडचं कारंजा यांचंही तेच.

आता मुख्य काम. तुमचा नकाशा तुम्हालाच करायचा आहे, आणि त्यासाठी खालचा कागद व वरची माहिती वेगवेगळ्या ठिकाणाहून आणायची आहे.

खालचा कागद म्हणून दोन पर्याय. एक, सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० ची टोपोशीट, म्हणजे सरकारी मोजणीचा तपशीलवार नकाशा. ठाणे ४७ ए/१६ वर येतं, सोपारा त्याच्या वर ४७ ए/१५ वर, कल्याण, अंबरनाथ आणि बेलापूर ४७ ई/४ वर, पनवेल ४७ एफ/१ वर. ऐरोली शीटच्या कडेवर आहे, त्यामुळे खाडीचे दोन काठ दोन कागदांवर जातील, जोडून घ्यावे लागतील. नव्या मालिकेत क्रमांकांची पद्धत बदलली आहे, पण जुने क्रमांक अजून सगळ्यांना कळतात. दुसरा पर्याय, मला जास्त आवडणारा, १८८२ चं ठाणे गॅझेटियर, म्हणजे इंग्रजी अमदानीतला जिल्ह्याचा माहितीग्रंथ: तेरावा खंड दोन भागांत आणि चौदावा खंड ‘प्रेक्षणीय स्थळं’. शासनाच्या दर्शनिका विभागाने जुनी गॅझेटियर नेटवर ठेवली आहेत. गोम अशी की नेटवरच्या स्कॅनमध्ये घडीचा नकाशा पुष्कळदा घडी न उलगडताच स्कॅन केलेला असतो, अर्धा इंच पट्टी दिसते आणि बाकी गायब. तेव्हा मूळ खंड बघायला जा. मुंबईत एशियाटिक सोसायटी आहे. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, तिथे आधी चौकशी करा.

उरण, पनवेलची माहितीही याच ठाण्याच्या खंडांत बघा, कुलाबा जिल्ह्याच्या (आजचा रायगड) नाही. पनवेल तालुका १८८३ मध्ये ठाण्यातून कुलाब्यात गेला, आणि खंड त्याच्या आदल्या वर्षीचे आहेत. नवी मुंबईचे वाचक कुलाब्याचा खंड चाळून निराश होतात ते यामुळे.

वरची माहिती म्हणजे ताम्रपट आणि शिलालेख. वा. वि. मिराशींनी शिलाहारांचे सगळे लेख एका जाड ग्रंथात संपादित केले, ‘कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकारम’चा सहावा खंड, १९७७. दुसरं काही नाही मिळालं तरी हा मिळवा.

याचा उपयोग कसा होतो ते एका लेखावर दाखवते. भांडुपला शिलाहार राजा छित्तराज याचा एक ताम्रपट सापडला, शके ९४८, म्हणजे इ.स. १०२६. श्रीस्थानकात (ठाण्यात) मोडणाऱ्या षट्षष्टी विषयातल्या (विषय म्हणजे तेव्हाचा प्रांत), म्हणजे आपल्या साष्टीतल्या, नौर गावातलं एक शेत दान दिलंय. दान देताना शेताच्या चतुःसीमा लिहिल्या आहेत, अगदी आपल्या खरेदीखतात लिहितात तशा: शेजारच्या गावांच्या शिवा, आणि पश्चिमेला राजपथ. गॅझेटियरवाल्यांनी नौर म्हणजे भांडुपच्या उत्तरेचं गाव धरलं आणि तर्क केला की हा राजपथ साधारण मुंबई–ठाणे रस्त्याच्याच वाटेने जात असावा. आज नाहूर स्टेशनच्या पुलावर उभं राहून पश्चिमेला पाहिलंत तर एलबीएस मार्ग तिथेच आहे, ट्रकांनी भरलेला. भूमी अभिलेखात काम केलेल्या माणसाला असा कागद मिळाला की तो आधी गावनकाशा मागवतो आणि शिवा जुळतात का बघतो. तुम्हीही ‘महाभूनकाशा’ या सरकारी संकेतस्थळावर आजच्या गावांच्या हद्दी बघू शकता. शेत सापडणार नाही, पण कोणतं गाव कोणत्या गावाच्या कोणत्या अंगाला आहे हे हजार वर्षांत फारसं हलत नाही.

असे आणखी दोन-तीन ठिपके देते. अपराजित राजाचा ९९७ चा ताम्रपट: भादाणे गाव लोनाडच्या लोणादित्य या देवाला दिलं. दोन्ही गावं आजही भिवंडीकडे त्याच नावांनी आहेत. अंबरनाथच्या देवळातला शके ९८२ चा लेख, मुम्मुणी राजाच्या काळचा. आणि तुमच्या फलकासाठी सर्वांत मोलाचा, उरणजवळ चाणज्याचा शिलालेख, १२६० चा, शेवटचा राजा सोमेश्वर याच्या वेळचा. उरणमधल्या एका बागेचं ठरावीक उत्पन्न त्याने ठाण्याच्या उत्तरेश्वर महादेवाला लावून दिलं. बाग त्या काठाला, देव या काठाला! उरणपासून ठाण्यापर्यंत एक तुटक रेघ काढा आणि तिच्यावर ‘१२६०’ लिहा. दोन्ही काठांचा संबंध तेवढ्यानेच कळेल.

गद्धेगाळ आणि वीरगळ टाकताना जरा जपून. शेताच्या बांधावरून उचलून देवळाच्या पारावर आणून ठेवलेले दगड कितीतरी आहेत. मूळ जागा नोंदलेली असेल तरच ठिपका द्या.

सीमारेषा काढू नका. शिलाहारांचे लेख आपल्या देशाचं वर्णन ‘पुरी जिच्यात मुख्य अशी चौदाशे गावं’ असं करतात. हा गावांचा हिशेब आहे. त्या काळच्या राजाला आपली गावं माहीत होती. दोन राज्यांमध्ये अखंड लाल रेघ असते ही कल्पना आपल्या शाळेच्या नकाशातली. गावं टाका, नद्या टाका, घाट टाका, घाटावर ‘यादव’ असं अक्षरं पसरून लिहा. लेखात नाव आलंय आणि गाव आजही आहे तिथे भरीव ठिपका. नाव आलंय पण ओळख तर्काने केली आहे तिथे पोकळ ठिपका. आणि किनारा फिका, तुटक. ऐरोलीच्या खाडीकडच्या अंगाला मिठागरं आणि दलदल होती. तुमची सोसायटी त्या नकाशात पाण्यात गेली तर सभासदांना वाईट वाटेल, पण इलाज नाही.

समितीत कुणीतरी ‘ठाण्याची साठ तळी’ घालायला सांगेलच. परंपरा म्हणून मजकुरात लिहा. नकाशावर साठ निळे ठिपके काढायचे तर साठ जागा दाखवाव्या लागतील.

प्रश्न : ताई, माहेरच्या ट्रंकेत कापडावर डकवलेला एक घडीचा नकाशा निघाला. इंग्रजीत आहे, वर दोन ‘एन’वालं ‘तन्ना’ लिहिलंय. रेल्वे काढली आहे, कल्याणपुढे तिचे दोन फाटे घाटावर चढलेत. पनवेल, कर्जत ठाण्यातच दाखवलेत, अलिबागकडचा कुलाबा मात्र वेगळ्या रंगात. मुंबईजवळ विहार तलाव आहे, तुळशी दिसत नाही. मामा म्हणतात पेशवाईतला आहे, लाखांत जाईल. खरंच का? आणि घड्यांवर फाटतोय, लॅमिनेट करू का?
— कळव्याहून एक वाचक

उत्तर : लॅमिनेट अजिबात करू नका. सेलोटेपही नको. गरम प्लास्टिकमध्ये गेलेला कागद पुन्हा सोडवता येत नाही, आणि टेपचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन खाली उतरतो. सपाट ठेवा, मध्ये साधा आम्लविरहित कागद घाला, बंद लोखंडी ट्रंकेऐवजी हवा खेळेल अशा कपाटात. आपल्या ठाण्याच्या पावसाळ्यात बुरशीला निमंत्रण लागत नाही.

पेशवाई विसरा. तुम्हीच पत्रात त्याचं वय लिहून पाठवलंय. बोरीबंदर ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली आणि पुढच्या वर्षी कल्याणला पोचली. फाटे घाटावर चढलेत म्हणजे बोरघाट (१८६३) आणि थळघाट (१८६५) झाल्यानंतरचा. कुलाबा वेगळा जिल्हा म्हणून रंगवलाय, तो झाला १८६९ मध्ये. विहार आहे, ते १८६० चं. तुळशी नाही, ते १८७९ चं. पनवेल ठाण्यात आहे, म्हणजे १८८३ च्या आधीचा. सगळं मिळून १८६९ ते १८७९ च्या दरम्यानचा दिसतो. एक अट आहे: नकाशा छापताना जुनी पाटी वापरून नुसत्या हद्दी नव्याने रंगवण्याची पद्धत होती. म्हणून जे नाही त्यावर कमी आणि जे आहे त्यावर जास्त भरवसा ठेवा. तलाव राहून गेला असेल, पण न झालेली रेल्वे सहसा कुणी काढत नाही.

आता भिंग घेऊन खालच्या कडेची बारीक अक्षरं वाचा. तिथे पुण्याच्या सरकारी फोटोझिंकोग्राफिक कार्यालयाचं नाव असेल तर तो सरकारी छपाईचा, अनेक प्रती निघालेला नकाशा. रंग हाताने भरलेला असेल तर हद्दीच्या आतल्या बाजूला ब्रशचा ओला काठ दिसतो, जरा गडद. छापील रंगात असा काठ नसतो. लाखांत जाईल असं मामांना कुणी सांगितलं देव जाणे. या नकाशांना बाजारात फार मोठी किंमत येत नाही.

आपल्या विषयासाठी मात्र तो सोन्याचा आहे. १८७० च्या आसपासच्या या नकाशात एमआयडीसी नाही, सिडको नाही, ठाणे–बेलापूर रस्ता नाही. सिडको आली १९७० मध्ये, आणि खाडीकाठची पंच्याण्णव गावं पुढे नवी मुंबई झाली. त्यातल्या कित्येक पाड्यांची, खाजणांची, बंदरांची नावं आता फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत. ताम्रपटातलं एखादं नाव आजच्या गूगल मॅपवर सापडत नाही आणि अशा कागदावर सापडतं. डोक्यावरून, बिनझगझगाटाच्या उजेडात, तुकड्यातुकड्याने फोटो काढा, प्रत्येक फोटोत शेजारच्या तुकड्याचा थोडा भाग येऊ द्या, आणि प्रती संपादकांकडे पाठवा. ऐरोलीच्या सरांना मी त्या पोचवते.

प्रश्न : मॅडम, मी एम.ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, राहते वर्तकनगरला. प्रबंधात यादव आणि उत्तर कोकणचे शिलाहार शेजारी दाखवणारा नकाशा हवा. नेटवर तीन नकाशे मिळाले, तिघांत सीमा तीन. मार्गदर्शक म्हणतात ‘सोर्स दे’. कुणाचा घेऊ?

उत्तर : तीनही बरोबर असू शकतात, कारण ते तीन वेगळ्या वर्षांचे असतील. १२०० मध्ये ठाण्यात शिलाहार आहेत; १२६५ च्या सुमारास महादेव यादवाने सोमेश्वराचा पराभव केला, समुद्रावरच्या लढाईत, आणि १२७० च्या नकाशात तेच ठाणे यादवांच्या रंगात जातं. ज्या नकाशाखाली वर्ष नाही तो सरळ बाजूला ठेव. तिघांपैकी किती उरतात बघ.

आधारासाठी जोसेफ श्वार्ट्झबर्गचा दक्षिण आशियाचा ऐतिहासिक अ‍ॅटलास घे, १९७८ चा, सुधारित आवृत्ती १९९२. तो शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीवर सबंध मोफत आहे. त्याचं मोल रंगीत पानांत कमी आणि मागच्या मजकुरात जास्त: अमुक रेघ का काढली, कुठे खात्री नाही, हे तिथे लिहिलेलं असतं. तो मजकूर न वाचता नुसतं पान फोटोकॉपी करून चिकटवलंस तर मार्गदर्शक परत पाठवतील, आणि पाठवावं. इरफान हबीब यांचा मुघल साम्राज्याचा अ‍ॅटलास (१९८२) तुझ्या काळाचा नाही, पण प्रत्येक नकाशाला साधनांच्या टिपा कशा जोडायच्या हे त्यातून शिक. शिवाय ‘हिस्टरी ऑफ कार्टोग्राफी’च्या दुसऱ्या खंडाचा पहिला भाग, १९९२ चा, शिकागोच्या प्रकाशनाने मोफत ठेवलाय, हिंदुस्थानात जुने नकाशे इतके थोडे का उरले यावर त्यात श्वार्ट्झबर्गनेच सविस्तर लिहिलंय. तुझ्या प्रस्तावनेचं एक प्रकरण तिथून निघेल.

मग स्वतःचा नकाशा कर. नकाशे करायची क्यूजीआयएस ही संगणक प्रणाली मोफत आहे. जुना नकाशा आजच्यावर बसवताना नियंत्रण बिंदू (दोन्हीकडे सापडणाऱ्या, जुळवणीच्या खुणा) म्हणून किनारा आणि रस्ते घेऊ नकोस, दोन्ही सरकतात. अंबरनाथचं देऊळ, वसई किल्ल्याचे बुरूज, बेलापूरचा किल्ला, मलंगगड, डोंगरमाथे असं घे, नकाशाच्या चारही कोपऱ्यांत पसरून. सगळे बिंदू ठाणे शहरातच घेतलेस तर मोखाड्याची बाजू वाकडी होईल. जुन्या टोपोशीटा एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर) आहेत आणि जीपीएस दुसऱ्यावर. प्रणालीत ते नीट निवडलं नाहीस तर सगळं थोडं बाजूला बसेल. जिल्ह्याच्या नकाशात ते खपतं, भांडुपच्या शेताच्या बाबतीत खपत नाही.

प्रत्येक ठिपक्यासाठी तक्त्यात एक ओळ ठेव: लेखाचं नाव, शक, गावाचं लेखातलं रूप, आजची ओळख, ती ओळख कुणी केली. मार्गदर्शक ‘सोर्स’ म्हणतात तो हा तक्ता. छापण्याच्या हक्काचं म्हणशील तर सरकारी प्रकाशनांचा हक्क साठ वर्षांनी संपतो, तेव्हा १८८२ चं गॅझेटियर निर्धास्त वापर. श्वार्ट्झबर्गचं पान प्रबंधात श्रेय देऊन चालेल, पुस्तक काढलंस तर परवानगी घे.

प्रश्न : शिलाहारांची राजधानी ‘पुरी’ नकाशावर कुठे टाकावी? आमच्याकडे यावर वाद झाला.
— कोपरी कट्टा

उत्तर : वाद तुमच्याआधी शंभर वर्षं चालू आहे. कुणी घारापुरी म्हणतं, कुणी जंजिऱ्याजवळची राजपुरी, कुणी साष्टीतच शोधतं. तुम्ही नकाशाच्या मोकळ्या समुद्रात चौकट काढा, तिच्यात ‘पुरी : स्थान अनिश्चित’ असं लिहून उमेदवारांची नावं द्या, आणि घारापुरीच्या बेटावर नुसतं ‘घारापुरी’ लिहा. चौकट वरळीच्या बाजूला टाका, उरणच्या बाजूला आधीच गर्दी आहे.